नऊ सीटची गाडी

आन्यांग
११ जुलै १९९९, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सुट्टी होती. सकाळी भात लावला, मुलांचे कपडे धुऊन गॅलरीत वाळत घातले. जेवणानंतर तिन्ही मुलांना घेऊन गाड्यांच्या दुकानात गेलो. संध्याकाळी परत आलो. कपडे वाळले नव्हते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या गिरणीत कोणी ना कोणी मिरच्या घेऊन बसलेलं असतं, आणि फोनवर मला धड बोलता येत नाही. म्हणून लिहितो.

गाडीचं असं आहे. मि-रान होती तेव्हा घरात आम्ही सहा आणि गाडी पाच जणांची. धाकटी सोल-ई जन्मल्यापासून आईच्या मांडीवर बसूनच फिरली. सणाला तुझ्याकडे ओकछनला निघालो की रस्ता तुंबलेला, आणि मि-रानच्या पायांना मुंग्या आलेल्या. तुझ्या अंगणात उतरताना ती दार धरून थोडा वेळ तशीच उभी राहायची, तुला आठवत असेल. परत आल्यावर दर वेळी म्हणायची, की पुढच्या सणाला मोठी गाडी. गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ती स्वतः दुकानात जाऊन बघूनही आली होती. मग तिचं पोट दुखायला लागलं आणि गाडीचा विषय मागे पडला.

मार्चमध्ये ती गेली. आता आम्ही पाच. सोल-ईला धरूनसुद्धा जुन्या गाडीत सगळे नीट मावतो. कोणालाच कोणाच्या मांडीवर बसायला नको. गाडी पुरते आहे, आणि तेच मला बघवत नाही. हे मी कुणाला बोललेलो नाही. आमच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात तर नाहीच. तिथे सगळे अजून माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात.

दुकानातला विक्रेता नाम नावाचा, तरुण आहे. त्याने विचारलं की घरात माणसं किती. मी जरा थांबलो, तर इन-ग्यंगने सांगून टाकलं, पाच. बारा वर्षांची मुलगी, पण आताशा माझ्या आधी तीच उत्तर देते. त्यावर नाम म्हणाला की मग एवढी मोठी कशाला, साहेब, पाच जणांना पाच सीट झाल्या की. गाडी विकणाऱ्याने असं बोलावं याचं मला नवल वाटलं. तोवर जुळे बूट काढून नऊ सीटच्या गाडीत चढलेही होते. थे-इलने मागची रांग आपली म्हणून जाहीर केली. थे-मुन म्हणाला की मग मागच्या खिडक्या माझ्या. दुकानातच गुद्दागुद्दी झाली.

सोल-ई जेवते का? मांसाशिवाय घास उतरत नाही असा तिचा हट्ट होता. अंत्यविधीनंतर थोड्या दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे ठेवली, ते थोडे दिवस लांबत चालले आहेत याची मला जाणीव आहे. इथलं पाळणाघर मी कामावरून सुटायच्या आधीच बंद होतं. काही मार्ग काढतो.

उन्हात फार काम करू नकोस. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा
गी-ह्वान

*

ओकछन
१९ जुलै

चि. गी-ह्वान,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोस्टमनने नेमकं तिखटाच्या पोत्यावर ठेवलं. वाचताना मी इतकी शिंकले की गिऱ्हाइकांना वाटलं भावाने काहीतरी वाईट कळवलंय. त्यांना सांगितलं, भाऊ गाडी घेतोय. त्यावर ह्वांगच्या म्हातारीने विचारलं, की बायको जाऊन वर्ष व्हायच्या आत? मी तिला म्हटलं, आजी, गाडी घेतोय, नवरी नाही. ती हसली आणि तिळाच्या तेलात पाव बाटली जास्त मागून बसली.

सोल-ई जेवते. मांस-बिंस काही नाही, भातावर तिळाचं तेल आणि मीठ, की वाटी साफ. यंत्र चालू झालं की आधी माझ्यामागे लपायची, आता तांदळाचं पीठ पडायला लागलं की हात खाली धरते आणि पांढरे हात सगळ्यांना दाखवत फिरते. अंगाने भरली आहे. झोपताना माझ्या दंडाला धरून झोपते. माझा हात बधिर होतो, पण काढत नाही मी.

गाडीचं म्हणशील तर, नऊ सीट? तू काय बसची फेरी सुरू करणार आहेस? पेट्रोल कोण भरणार, एवढं धूड तुमच्या इमारतीखाली लावणार कुठे? आहे ती गाडी चांगली आहे. आणि तुला राग येईल, तरी लिहिते. सोल-ईला शाळेत जाण्याच्या वयाची होईपर्यंत इथेच राहू दे. इथे दिवसभर माणसं असतात, मी असते. तिकडे तू कामावर, मोठी शाळेत, आणि त्या दोघा राक्षसांच्या तावडीत ही एवढीशी. मग तुम्ही चौघेच. जुन्या गाडीत एक सीट रिकामी उरेल.

तुझे भावजी गेले तेव्हापासून हे घर मोठं वाटत होतं. आता वाटत नाही. बाकी काय लिहू?

जुळ्यांच्या पाठीत माझ्याकडून एकेक धपाटा. इन-ग्यंगला म्हणावं, आत्याने जवळ घेतलंय. आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

*

आन्यांग
८ ऑगस्ट, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मला राग आलेला नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझं म्हणणं मी मुलांना सांगितलं नव्हतं, पण इन-ग्यंगने पत्र वाचलं असावं. जेवताना म्हणाली की सोल-ई येणार नसेल तर नवी गाडी नको आणि जुनीही नको, ती आपली चालत जाईल. थे-मुनने विचारलं की ओकछनपर्यंत? ती उठून आत गेली. भांडी मी घासली.

पुढच्या रविवारी पुन्हा नामकडे गेलो. त्याने दोन गाड्या दाखवल्या. एक सात सीटची, पाय पसरून बसता येतं अशी. दुसरी नऊ सीटची, जरा चेपून, तीन रांगांत तीन-तीन. मी सात सीटच्या बाजूने होतो. मग त्याने सणाच्या गर्दीत राजमार्गावर बससाठी जो निळा पट्टा राखलेला असतो त्याची आठवण दिली. गाडी नऊ सीटची असली आणि आत निदान सहा माणसं असली तर त्या पट्ट्यातून जायला परवानगी आहे. शेजारी लोक गाडीतून उतरून रस्त्याकडेला कणसं खात उभे असतात आणि तुम्ही सरळ पुढे, असं तो म्हणाला. हे मला माहीत होतं. मि-रान नऊ सीटचीच म्हणायची ती याचसाठी. सहा माणसं आमच्या घरचीच होती. बाहेरचं कुणी शोधायला नको, एवढं सोपं, असं ती म्हणायची.

नऊ सीटची नोंदवली. कारण विचारू नकोस. जुनी गाडी नाम विकून देणार आहे. सणाआधी नवी हातात येईल.

सोल-ईबद्दल तू लिहिलंस ते खोटं नाही. तिला तिथे जे मिळतं ते मी देऊ शकेन का, हे मलाही माहीत नाही. रात्री तिची गादी पसरायची सवय अजून गेलेली नाही, पसरतो आणि गुंडाळून ठेवतो. दुसऱ्या बाजूने बघितलं तर ती तिथे खूश असेल तर केवळ माझ्या समाधानासाठी तिला आणणं बरोबर होईल का? तू मोठी आहेस. तू सांगशील ते मी ऐकेन, असं लिहायला बसलो होतो, पण तेही पूर्ण खरं नाही.

छुसोकच्या सणाला आम्ही येतोच आहोत. आई-बाबांच्या आणि मि-रानच्या थडग्यांवरचं गवत कापायला आधी एक रविवार मी एकटा येऊन जाईन. तेव्हा गिरणीवर थांबणार नाही, रागावू नकोस. मला बघून सोल-ई रडली तर मला परत जाता येणार नाही.

तब्येत जप. तुझा लोभ आहे म्हणून चाललंय.

गी-ह्वान

*

ओकछन
२० ऑगस्ट

चि. गी-ह्वान,
अ. उ. आ.

गवत कापायला येऊन दाराशी न येता जाणारा भाऊ मी अजून पाहिला नव्हता. ये बापडा. थडग्यांच्या टेकडीच्या पायथ्याशी दुकानात तुझ्यासाठी काकडीचं सार आणि भात ठेवून देईन. उपाशी जाऊ नकोस.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं टिकत नाही. परवा यंत्राचा पट्टा तुटला, मी खाली वाकून तो जोडत होते, तर मागून सोल-ईने मला आई म्हणून हाक मारली. गिऱ्हाइकं होती. मी वळले. तिला आत्या म्हण असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ओ दिली. आता ती कधी आत्या म्हणते, कधी आई. मी दोन्हीला ओ देते.

मि-रान माझी नुसती भावजय नव्हती हे तुला माहीत आहे. तुझे भावजी आजारी होते तेव्हा पोटात जुळे असताना ती इथे येऊन राहिली होती, माझ्या हातचं काम घेऊन करायची. तिच्या लेकीच्या तोंडून ती हाक मी घेतली. पण खरं सांगू? सोडवतही नाही. मला मूल झालं नाही यावर पूर्वी लोक माझ्या तोंडावर बोलायचे, आता माझ्या मागे बोलतात, एवढाच फरक. गी-ह्वान, तिला मला ठेवू दे. तुझी तीन आहेत. हे लिहिणं बरं दिसत नाही, पण दुसऱ्या कोणत्या शब्दात लिहायचं ते मला येत नाही.

नवी गाडी घेऊन सरळ इकडे ये. पहिली पूजा माझ्या अंगणात झाली पाहिजे. पूजेशिवाय गाडी चालवलेली मला चालणार नाही, मग तुझं पाण्याचं शास्त्र काहीही म्हणो.

मायेत अंतर नको.

ताई

*

आन्यांग
२६ सप्टेंबर, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही काल घरी पोचलो. आज मुलं उशिरा उठली. तू दिलेल्या तेलाच्या बाटल्या फळीवर लावल्या, सणाचे तांदळाचे सोंगप्यन वाफवून खाल्ले, त्यातली देवदाराची पानं थे-इलने सगळ्यांच्या ताटाखाली लपवली. सोल-ई दुपारी झोपली आहे तेवढ्यात लिहितो.

आधी पूजेबद्दल. तू चारही चाकांवर तांदळाची दारू ओतलीस, दोऱ्याने बांधलेला वाळका मासा मागच्या डिकीत ठेवलास, आणि लाल चवळीच्या वाफवलेल्या वड्या साऱ्या गल्लीत वाटल्यास. आम्हाला सगळ्यांना गाडीसमोर वाकायला लावलंस. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, पण वाकताना मला बरं वाटलं. तेव्हा बोललो नाही. ह्वांगच्या आजी सीटवरचं प्लास्टिक काढायला निघाल्या आणि जुळ्यांनी त्यांना गाडीत चढू दिलं नाही, त्याबद्दल माझ्यातर्फे माफी माग.

निघायच्या सकाळी तू काय करणार हे मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं आणि तिन्ही दिवसांत तू विषय काढला नाहीस. सामान गाडीत ठेवताना मी मनाशी ठरवलं होतं की तू म्हणशील तसं. आणि तू सोल-ईला नवे बूट घालून घेऊन आलीस, मधल्या रांगेत बसवलंस, तिचं गाठोडं मागे ठेवलंस, दार लावलंस आणि आत निघून गेलीस. मग यंत्र सुरू झालं. सणाच्या दुसऱ्या दिवशी कोण दळायला येतं, ताई? यंत्र रिकामं चालत होतं. त्याचा आवाज तांदूळ पडताना वेगळा असतो, ते लहानपणापासून आपल्याला माहीत आहे. मी आत यायला हवं होतं. गाडी चालू केली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. देजन शहराच्या पुढे रस्ता पूर्ण तुंबला होता. डावीकडचा निळा पट्टा मोकळा होता आणि बस पुढे जात होत्या. मी आरशात बघितलं, मागे मुलं बसलेली दिसली, आणि पट्ट्यात शिरलो. मनात कसलीच शंका नव्हती. बऱ्याच दिवसांनी असं मोकळं वाटलं. थोडं पुढे गेल्यावर मोटरसायकलवरच्या पोलिसाने बाजूला घ्यायला लावलं. त्याने सलाम केला, सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि विचारलं की गाडीत किती माणसं. मी सहा म्हणालो.

त्याने वाकून बोटाने मोजली. पुन्हा मोजली. मागे कोणी आडवं झोपलं आहे का, असं अगदी नम्रपणे विचारलं. मी उतरून मागचं दार उघडून दिलं. तिथे गाठोडं, बाटल्या आणि वड्यांचा डबा होता. दार उघडेपर्यंतही माझ्या लक्षात आलं नव्हतं. डबा बघितल्यावर आलं.

तो मला म्हणाला की साहेब, दंड होईलच, पण मुलांसमोर खोटं कशाला बोलायचं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल.  थे-मुन चिडून म्हणाला की आमचे बाबा खोटं बोलत नाहीत, त्यांना गणित येतं. इन-ग्यंग खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा सोल-ईने पोलिसाला सांगितलं की आत्या राहिली. एक आत्या घरी राहिली, तिला आणायला मागे फिरा, असं ती त्याला आणि मला दोघांनाही सांगत राहिली. त्याने चिठ्ठी फाडून दिली, मग हात करून शेजारच्या रांगेतल्या गाड्या थांबवल्या आणि आम्हाला परत गर्दीत घातलं.

बऱ्याच वेळाने इन-ग्यंग मला म्हणाली की मी पट्ट्यात शिरलो तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं, पण थांबवावंसं वाटलं नाही.  

ताई, तू इकडे ये. कायमची ये. गिरणी विक किंवा कोणाला चालवायला दे. इन-ग्यंगच्या खोलीत जागा होईल, शिवाय सोल-ईला तुझ्याशिवाय झोप लागत नाही. काल माझा हात धरला, थोडा वेळ चाचपला आणि सोडून दिला. गाडीत जागा आहे. तू बसलीस तर आम्ही खरंच सहा होऊ. विचार कर आणि लवकर लिही.

उत्तराची वाट बघतो. आमच्यावर माया ठेव.

तुझा
गी-ह्वान

*

ओकछन
४ ऑक्टोबर

चि. गी-ह्वान,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. दळणाची गर्दी आहे असं सांगणार होते, पण गर्दी नाही. सण झाला की लोकांना पंधरा दिवस वडी नको आणि पीठ नको.

थे-मुनला सांग, आत्या म्हणते की पोलिसाला उलट बोलायचं नसतं, आणि छान बोललास. ह्वांगच्या म्हातारीला तुझी माफी पोचवली. ती म्हणते माफी राहू दे, प्लास्टिक काढ, घामाने पोरांच्या मांड्यांना पुरळ येईल. तिचं म्हणणं बरोबर आहे. काढ ते.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी तुझ्याकडे सोल-ईला मागितलेलं होतं आणि तू नाही म्हणाला नव्हतास, त्यामुळे सणाला तुम्ही आलात तेव्हा ती माझीच आहे असं मी धरून चालले होते. पूजा झाल्यावर मुलं गाडीत शिरली ना, तेव्हा मी वड्यांचं ताट घेऊन दाराशी उभी होते. जुळे मागे पसरले. इन-ग्यंग मधल्या रांगेत कडेला बसली. सोल-ई चढली, एवढ्या सगळ्या सीट मोकळ्या, प्लास्टिक चमकतंय, आणि ती कुठेही न बघता जाऊन इन-ग्यंगच्या मांडीवर बसली. आणि इन-ग्यंगने न बघताच हात तिच्या पोटाभोवती घेतला, मि-रान घ्यायची तसा. त्या दोघींना कळलंसुद्धा नाही. मी ताट घेऊन आत आले. तिथेच ठरलं. तुला सांगायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच काहीतरी बाहेर पडलं असतं, म्हणून निघायच्या सकाळी यंत्र चालू केलं. बराच वेळ चालू ठेवलं. पट्टा पुन्हा तुटला.

तुझ्याकडे येण्याचं म्हणशील तर, नाही रे. रागाने नाही लिहीत. त्या पोलिसाला तू सहा म्हणालास, त्यात मी नव्हते. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मी येऊन बसले तर मोजणी बरोबर येईल, तुला दंड होणार नाही, शेजारी म्हणतील बरं झालं. पण सोल-ई मला आई म्हणेल आणि मी ओ देईन. त्या घरात मी ओ देऊ नये. इन-ग्यंग ते ऐकेल. तिने आतापर्यंत पुष्कळ ऐकलंय.

किमची घालायला नोव्हेंबरात येईन, कोबी किती लागेल ते इन-ग्यंगला विचारून ठेव, तुला नाही कळायचं. येईन आणि कोबी मुरला की परत जाईन. आगगाडीने येईन, न्यायला येऊ नकोस.

सोल-ई झोपताना हात शोधते, तेव्हा काढून घेऊ नकोस. बधिर झाला तरी. पहिली रात्र वाईट असते, मग तिला नुसता अंगाला अंग लागलं तरी चालतं. केस विंचरताना भांग डाव्या बाजूला पाड, उजवीकडे भोवरा आहे, दुखतं. भातावर तेल घालताना मीठ नंतर घाल, आधी घातलं तर खात नाही.

तुम्ही पाचही जण नीट राहा. गाडी सावकाश चालव. आमची आठवण असू दे.

तुझी
ताई

ता. क. पाकीट चिकटवायला आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायला एकदमच उठले. हाताला सवय झालीय, दोघींचा तांदूळ धुतला गेला. ओला तांदूळ परत डब्यात टाकता येत नाही, कीड होते. तसाच शिजत ठेवलाय. अर्धा आज खाईन, उरलेला सकाळी पाणी घालून.